डिस्क-पॅड विकत घेण्यापूर्वी चाक उतरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे : आठ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी, 68,000 किलोमीटर झालेली. कासहून परतताना यवतेश्वर घाटात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते आणि स्टीअरिंगही हलते. एका गॅरेजने पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि पॅड (ब्रेक दाबला की त्यांना घासणाऱ्या पट्ट्या) बदलायला सांगितले आहे. दुसऱ्याने डिस्क लेथवर फेस करून, म्हणजे तिचा चेहरा कापून सपाट करून, दोन वर्षे सहज निघतील असे सांगितले आहे. घरातल्या मुलाने मधल्या काळात भोके पाडलेल्या 'स्पोर्ट' डिस्क ऑनलाइन पाहून ठेवल्या आहेत. यांपैकी कोणते ऐकावे आणि कोणत्या कंपनीचा माल घ्यावा?

मी साताऱ्यात चोवीस वर्षे गॅरेज चालवतो. आपल्या प्रश्नात कंपनीचे नाव शेवटी आले आहे आणि माझ्या मते त्याची जागा तीच आहे. कारण आपण वर्णन केलेल्या दोषात निम्म्या गाड्यांची डिस्क जाडीने अजून चालण्यासारखी असते आणि खरा बिघाड ती डिस्क ज्या हबवर, म्हणजे चाकामागच्या फिरत्या बैठकीवर, बसते तिथे असतो. तो बिघाड तसाच ठेवून त्यावर कितीही महागडी डिस्क चढवली तरी काही हजार किलोमीटरांनी आपण पुन्हा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी दारात उभे राहाल.

आधी थरथर नेमकी कुठली आहे ते पाहावे. ब्रेक न दाबता ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टीअरिंग हलत असेल तर ते टायरच्या बॅलन्सिंगचे काम आहे, ब्रेकचे नव्हे. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल आणि स्टीअरिंगमध्ये जाणवत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. फक्त पेडलमध्ये आणि सीटखाली जाणवत असेल तर मागचे ड्रमही उतरवून पाहावे लागतात. ओल्या किंवा खडी पसरलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल करकरत मागे ढकलले जाते, ती एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चाल असते आणि तिचा या दोषाशी संबंध नाही. आपल्या वर्णनावरून काम पुढच्या चाकांचेच दिसते.

मग चाक उतरवून मोजमाप घ्यावे. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि ते न करता जो 'सगळे बदला' म्हणतो किंवा 'लेथ मारून घ्या' म्हणतो, तो अंदाजाने बोलत असतो. प्रत्येक डिस्कवर, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा बाहेरच्या कडेवर, किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. गंज खरवडून ब्रशने साफ केले की आकडा वाचता येतो. नवी डिस्क 22 मिलिमीटरची असेल तर किमान जाडी साधारणपणे 20 असते, म्हणजे त्या जाडजूड दिसणाऱ्या लोखंडात झिजायला मिळतात ते केवळ दोन मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून. येथे एक चूक मी फार पाहतो. मेकॅनिक व्हर्नियर घेतो आणि डिस्कच्या कडेला लावतो. पॅड कडेच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत पोहोचत नसल्याने तिथे न झिजलेली कड उभी राहिलेली असते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात आणि घासलेली डिस्क मापात नवी भरते. म्हणून मायक्रोमीटर वापरावा, कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत लावावा आणि गोलाईत सात-आठ ठिकाणी माप घ्यावे. त्या मापांत 0.02 मिलिमीटरचा जरी फरक असला, तरी पेडल थरथरायला तो पुरतो. आपल्या डोक्यावरचा केस याहून कितीतरी जाड असतो.

लोक म्हणतात, डिस्क 'वाकली'. घाटात तापली, वर पाणी पडले आणि वाकली, अशी एक कथाच तयार झाली आहे. लाल तापलेल्या डिस्कवर वॉशिंग सेंटरचा पाइप मारू नये हे खरेच आहे, पण माझ्याकडे 'वाकलेली' म्हणून आलेल्या बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतात, त्या असमान जाडीच्या झालेल्या असतात. हे कसे घडते ते नीट सांगतो, कारण आपला खर्च वाचेल की वाया जाईल हे इथेच ठरते.

काही वर्षांपूर्वी मेढ्याकडचे एक गृहस्थ अगदी आपल्यासारखीच तक्रार घेऊन आले. फरक एवढाच की त्यांनी चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे नव्या डिस्क आणि नवे पॅड टाकून घेतले होते. पहिले दोन-तीन हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी थांबत होती, मग हळूहळू थरथर सुरू झाली. त्यांचे ठाम मत होते की दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. मी डिस्कवर डायल गेज (बारीक हेलकावा काट्यावर दाखवणारे उपकरण) लावला आणि डिस्क हाताने फिरवली. काटा एका फेरीत 0.14 मिलिमीटर हलला. साधारणपणे 0.05 च्या आत असावा, फार तर 0.1. डिस्क काढून हबचा चेहरा पाहिला तर एका नटाच्या खुंटाशेजारी नखाएवढा गंजाचा पापुद्रा होता, जाडीला कागदाहून कमी. नवी डिस्क त्याच्यावर दाबून बसवली होती. हबचा व्यास डिस्कच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो, त्यामुळे आतला तेवढासा तिरपेपणा बाहेरच्या कडेला जवळजवळ दुप्पट होतो. अशी तिरपी डिस्क फिरताना प्रत्येक फेरीला एकाच जागी पॅडला घासते, ब्रेक दाबलेला नसतानाही. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. हजारो किलोमीटर घासून ती जागा पातळ झाली की पेडल थरथरू लागते. तोवर बसवणारा विसरलेला असतो आणि बोल माल विकणाऱ्याला लागतो. पापुद्रा मी पॉलिश पेपरने पाच मिनिटांत घासून काढला. डिस्क मात्र वाया गेल्या होत्या, त्या पुन्हा नव्या घ्याव्या लागल्या.

तेव्हा आपल्या गॅरेजवाल्याला तीन आकडे विचारावेत : डिस्कची कमीत कमी जाडी, जाडीतला फरक आणि डायल गेजवरचा हेलकावा. डायल गेज नसेल तर गॅरेज बदलावे. हे उपकरण महाग नाही, ठेवायची इच्छा लागते.

आता लेथविषयी. पूर्वी मीही डिस्क लेथवर देत असे, आता क्वचितच देतो. डिस्क मोजून किमान जाडीपेक्षा एक मिलिमीटर तरी वर असेल, दोन्ही बाजू एकाच पकडीत कापल्या जाणार असतील आणि लेथवाला ती मधल्या भोकावर नेमकी मध्यात धरणार असेल, तरच त्याला अर्थ आहे. सामान्य वर्कशॉपमध्ये एक बाजू कापून डिस्क उलटी करून दुसरी कापतात. त्यात दोन्ही चेहरे एकमेकांना समांतर राहतील याची खात्री नसते, म्हणजे ज्या दोषासाठी गेलो तोच घेऊन परत येतो. शिवाय डिस्कवर निळसर काळे डाग पडलेले असतील तर तिथले लोखंड उष्णतेने कठीण झालेले असते. वरून कापले तरी खाली तो कठीणपणा राहतो आणि थोड्याच दिवसांत त्या जागा पुन्हा वर येतात. 68,000 किलोमीटर चाललेल्या छोट्या गाडीची डिस्क कापल्यावर बहुधा किमान जाडीच्या काठावर येईल. 'दोन वर्षे निघतील' हे सपाट रस्त्यावर कदाचित खरे ठरेल. आपण घाट उतरता.

घाटाचा हिशेब करून पाहा. पसरणी घाटात पाचगणीहून वाईपर्यंत पाचशे मीटरहून अधिक उतार आहे. माणसांसह 1,200 किलोची गाडी पाचशे मीटर खाली आली की सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. घरातले अठरा-वीस लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला लागते तेवढी ही उष्णता होते. काही भाग वारा, टायर आणि इंजिन घेतात. गाडी न्यूट्रलला टाकून उतरणारा माणूस इंजिनचा वाटाही ब्रेकच्या पदरात टाकतो. उरलेली उष्णता डिस्कच्या लोखंडात साठते आणि मग हवेत जाते. डिस्क जितकी पातळ तितके साठवण्याचे भांडे लहान. किमान जाडीचा आकडा कंपनीने उगाच कोरलेला नसतो. कासच्या फुलांच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी, यवतेश्वरच्या उतारावर गाड्यांची रांग लागते तेव्हा तर आणखी वाईट अवस्था असते, कारण गाडी सरपटत असल्यामुळे वारा लागत नाही आणि पाय तासभर पेडलवरून उठत नाही.

त्यामुळे चिरंजीवांच्या भोकाच्या डिस्क आपण घेऊ नयेत. भोके पाडल्याने तेवढे लोखंड कमी होते आणि वारंवार तापून थंड होणाऱ्या डिस्कला तडे जातात ते बहुतेक भोकाच्या कडेपासूनच. आपल्या गाडीला कंपनीने दिलेली असते तशी, मधून हवा खेळणारी, साध्या चेहऱ्याची, ओतीव लोखंडाची डिस्क घ्यावी. दिसायला त्यात काही नाही हे मान्य आहे.

डिस्क नेहमी जोडीने, म्हणजे डावी-उजवी एकदम, बदलावी. जुनी डिस्क जाड, गुळगुळीत आणि हेलकाव्यात बसणारी असेल तर तिच्यावर नवे पॅड चालतात. नव्या डिस्कवर जुने पॅड मात्र कधीही चालत नाहीत, कारण जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या रेघा उमटलेल्या असतात आणि ते नव्या चेहऱ्यावर अर्ध्याच भागाने टेकतात.

पॅडच्या बाबतीत मी जरा जास्त चोखंदळ आहे. नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो आणि तो तीनवर आला की पॅड बदलावेत. पत्र्याची लहान पट्टी डिस्कला लागून किंचाळेपर्यंत थांबू नये. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड पाहावेत, कारण चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा आणि संपतो बहुधा आतला. खरेदी करताना पॅडच्या कडेवर छापलेल्या सांकेतिक ओळीच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरांची जोडी शोधावी. पहिले अक्षर साध्या तापमानातला घर्षणांक सांगते, दुसरे तापल्यानंतरचा : ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. 'एफएफ' लिहिलेला पॅड तापल्यावरही आपली पकड टिकवतो. 'एफई' असेल तर तापल्यावर पकड एक पायरी खाली येते, आणि घाटात पॅड तापलेलाच असतो. ही अक्षरे पॅड किती टिकेल किंवा आवाज करील का, हे सांगत नाहीत. काही पॅडांच्या मागच्या पत्र्यावर गोलात इंग्रजी ई आणि '90आर' पासून सुरू होणारा क्रमांक असतो. युरोपच्या नियमानुसार तो पॅड मूळ पॅडच्या पंधरा टक्के इकडेतिकडे इतक्या मर्यादेत ब्रेक लावतो असे तपासलेले असते. असा पॅड मिळाला तर मला बरे वाटते.

'सिरॅमिक' या शब्दाला भुलू नये. त्या पॅडांची काळी भुकटी कमी पडते, आवाज कमी येतो, एवढे खरे. पण खोक्यावर सिरॅमिक लिहायला शाईखेरीज काही लागत नाही. धातूचा अंश जास्त असलेले कडक पॅड तापल्यावर चांगले धरतात, मात्र सकाळी थंड असताना चिरकतात आणि डिस्क लवकर खातात. ज्यांची गाडी आठवड्याला एकदा घाट उतरते त्यांना मी गाडीच्या कंपनीचे मूळ पॅड किंवा त्याच दर्जाचे नावाजलेले पॅड देतो आणि प्रयोग करत नाही. अगदी स्वस्त पॅडांची माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात, विशेषतः मुलगा पुण्याला आणि गाडी दारात अशा घरांत, मागच्या पत्र्याला गंज चढतो आणि घासणारा थर पत्र्यापासून सुटू लागतो. असा अख्खा थर एका कॅलिपरमधून, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, माझ्या हातात निघून आला आहे.

कंपनीविषयी विचारलेच आहे म्हणून सांगतो. गाडीच्या कंपनीचे मूळ भाग, बॉश, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग, राणे ही नावे बाजारात मिळतात आणि यांतला खरा माल मी डोळे झाकून बसवतो. 'खरा' या शब्दावर जोर आहे. मी कुणाचा एजंट नाही. दुकानात जाताना गाडीचे मॉडेल सांगून भागत नाही, चेसिस नंबर न्यावा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेलप्रमाणे, वर्षाप्रमाणे डिस्कचा व्यास बदलतो आणि कधीकधी कॅलिपर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, त्यामुळे पॅडचा आकार बदलतो. जुनी डिस्क काढून झालेली असेल तर तीच सोबत न्यावी आणि काउंटरवर नवी तिच्या शेजारी ठेवून व्यास, टोपीची उंची, मधले भोक आणि नटांची भोके ताडून पाहावीत. टोपीच्या उंचीत दोन मिलिमीटरचा फरक असेल तर डिस्क बसते, पण कॅलिपरच्या मध्यात येत नाही. खोक्याचे सील, छापील किंमत, पार्ट नंबर आणि स्कॅन करण्याचा कोड पाहावा. पक्के बिल घ्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या छापील किमतीचा साठा पुढे केला तर नवा दर विचारावा. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणणाऱ्या दुकानात ब्रेकचा माल घेऊ नये, वायपर खुशाल घ्यावेत.

बसवताना आपण तिथे उभे राहावे, कुणाला राग आला तरी चालेल. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करावे. हबचा चेहरा चकचकीत होईपर्यंत घासावा आणि डिस्क बसवल्यावर डायल गेज पुन्हा लावावा. कॅलिपर खाली उतरवला की तारेने वर टांगावा, रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नये. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या काढून, पुसून, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. गॅरेज सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी मी एका गाडीच्या पिनांना डब्यातले साधे ग्रीस लावले. खनिज तेलाने तिथले रबर फुगले, पिन जाम झाली आणि पाच महिन्यांनी तीच गाडी आतला पॅड पत्र्यापर्यंत घासून परत आली. डिस्कवर बोट बसेल एवढी खाच पडली होती. पॅड आणि डिस्क मी माझ्या खिशातून भरून दिली. त्या दिवसापासून सिलिकॉन ग्रीसची ट्यूब वेगळ्या खणात असते.

चाकाचे नट हवेच्या गनने कचाकच आवळू देऊ नयेत. एक नट जास्त आणि शेजारचा कमी आवळला गेला की हबवर नीट बसलेली डिस्कही तिरपी ओढली जाते. नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत, छोट्या गाड्यांना ते शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास असते. पंक्चरवाल्याकडेही हाच आग्रह धरावा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेले नसेल तर याच वेळी बदलून घ्यावे. हे तेल हवेतले पाणी शोषते. कोऱ्या डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पाणी शोषल्यावर तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. घाटाच्या तळाशी पेडल एकाएकी मऊ होऊन खाली गेले तर तेलात वाफ झालेली असते. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड तापून पकड सोडत असतात. दोन्ही वेळा गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबणे एवढेच हातात असते, आणि हँडब्रेकपेक्षा गिअर आणि चाकाखालचा दगड यांवर भरवसा ठेवावा.

काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करावे. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात. हे विसरून गॅरेजच्याच भिंतीला गाड्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यानंतर लगेच यवतेश्वरला चाचणीला जाऊ नये. पहाटे वाढे फाट्याहून लोणंदकडे जाणारा रस्ता मोकळा असतो. तिथे मागे कोणी नाही असे पाहून साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, दोन वेळांच्या मध्ये किलोमीटरभर गाडी मोकळी पळवावी आणि पूर्ण थांबू नये. तापलेला पॅड डिस्कवर दाबून धरला तर त्याचा ठसा त्या जागी बसतो आणि थरथर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुढचे तीनशे किलोमीटर घाट टाळता आला तर टाळावा.

आपल्या गाडीची डिस्क मोजल्यावर किमान जाडीहून एक मिलिमीटरपेक्षा कमी शिल्लक निघाली, किंवा निळे डाग दिसले, तर जोडी आणि पॅड बदलून टाकावेत. जाडी भरपूर असेल आणि फक्त फरक व हेलकावा जास्त असेल तर आधी डिस्क आणि हबवर खूण करून डिस्क काढावी, हब घासावा, त्याच खुणेवर पुन्हा बसवून हेलकावा मोजावा आणि मग पाकिटाला हात घालावा. जुन्या डिस्क गॅरेजमध्ये सोडून येऊ नयेत. मोजमापाचा कागद त्यांना चिकटवून घरी माळ्यावर ठेवाव्यात. पुढच्या वेळी चाळीस हजार किलोमीटरांनी कुणी 'सगळे बदला' म्हणेल तेव्हा तो कागद काढून दाखवता येईल.